भिंतीवरून गेलेली भाकरी

मी माझ्या लेकीच्या घरी जेवते आणि पोटभर जेवते. भाजी चांगली झाली असेल तर दुसऱ्यांदा मागून घेते, मीठ कमी असेल तर तसं तोंडावर सांगते. माझ्या थोरलीला यात काहीच विशेष वाटत नाही. तिच्या सोसायटीतल्या बायका संध्याकाळी बाकावर बसून म्हाताऱ्या आईवडिलांचं काय करायचं यावर बोलत असतात. मुलाने बघायचं की मुलीने, बाई ठेवायची की कुठल्या संस्थेत पाठवायचं, असं बरंच काही चालतं. मी तिथे गप्प बसत नाही, तो माझा स्वभावच नाही. मी त्यांना सांगते की माझ्या वडिलांना लेकीच्या घरचा घास गिळायला कित्येक वर्षं लागली, आणि त्यासाठी एक कमरेएवढी भिंत, एक शेजारीण आणि माझा तापट स्वभाव एवढं सगळं खर्ची पडलं.

आम्ही पारनेरकडचे. लग्न होऊन मी येरवड्यात आले तेव्हा येरवडा म्हणजे जेल, एवढंच लोकांना ठाऊक. शहरातल्या कुणाला पत्ता सांगितला की समोरचा गंभीर चेहऱ्याने विचारायचा, “सुटलात कधी?” पुण्यात विनोदसुद्धा माणसं चेहरा न हलवता करतात, हे मी तिथेच शिकले. माझा नवरा खडकीच्या कारखान्यात होता. सायकलवरून होळकर पुलाने जायचा आणि यायचा. आमचं घर बैठ्या रांगेतलं होतं, पुढे ओटा, मागे न्हाणी आणि एवढंसं परसू. परसाच्या एका बाजूला ती भिंत, आणि भिंतीपलीकडे खाला, म्हणजे साऱ्या गल्लीची मावशी.

खाला अस्सल पुण्याची. तिच्या सासऱ्याच्याही आधीपासून ते घराणं पुण्यात होतं. नवरा बुकबाइंडर होता, तो वारलेला. मुलगा एका कचेरीत नोकरीला, सून उर्दू शाळेत शिक्षिका. दोघं सकाळी बाहेर पडली की संध्याकाळपर्यंत खाला एकटी. ती पुदिन्याच्या कुंड्यांशी बोलायची, आणि मी दिसले की माझ्याशी. बोलणं गोड, पण चिमटा बरोबर जागेवर काढायची.

माझा थोरला भाऊही तोवर गाव सोडून पुण्यात आला होता. मार्केट यार्डात हमाली करायचा आणि गुलटेकडीला एका खोलीत बायकापोरांसह राहायचा. खोली अशी की एकाला कूस बदलायची तर बाकीच्यांना सांगून बदलावी लागे. गावात उरले फक्त आमचे अण्णा. आई गेल्यावर ते स्वतःच्या हाताने करून खात होते. एकदा डोळ्यांना नीट दिसेना म्हणून चुलीतलं लाकूड चिमट्याऐवजी हातानेच धरलं आणि हात भाजून घेतला. हे कळलं ते कांद्याच्या ट्रकवाल्याकडून भावाला, आणि भावाकडून मला. मी एसटीने गेले आणि त्यांना घेऊन आले. भाऊ म्हणाला, “माझ्याकडं आणायचं व्हतं.” मी म्हटलं, “आणते की. त्यांना खुंटीला टांगशील का?”

ससूनला एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला. दुसरा अजून पिकायचा होता. डॉक्टर म्हणाले, थांबा, जपा, चांगलं खायला घाला. पहिलं आणि दुसरं अण्णांना जमलं. तिसऱ्यावर गाडं अडलं.

आमच्याकडे पूर्वी जुनी माणसं लेकीच्या घरी जेवत नसत. कन्या दान केली, दिलेल्या दानाचं परत खाऊ नये, असा हिशेब. तिला मुलगा झाला, नातू मांडीवर बसला, की मग आजोबाने पानावर बसायचं. मला दोन मुली होत्या. धाकटीच्या वेळी मी ऑपरेशन करून घेतलं होतं, नवऱ्याच्या संमतीने आणि सासूच्या संमतीशिवाय. म्हणजे अण्णांच्या हिशेबाने माझ्या घरी जेवायचा मुहूर्त या जन्मात निघणारच नव्हता.

राहायला हरकत नव्हती. ओट्यावर घोंगडी टाकून ते निवांत झोपत. मुलींना मांडीवर घेऊन कोडी घालत. पण अन्नाला आणि पाण्याला शिवत नसत. गावाहून आणलेला फिरकीचा तांब्या घेऊन, डोळ्यावर हिरवी पट्टी लावलेले अण्णा भिंतीला धरत धरत गल्लीच्या नळावर जात आणि पाणी भरून आणत.

“अण्णा, अहो तेच पाणी घरात भरलंय.”

“त्ये तुझ्या हंड्यात आलं की तुझं झालं. नळाचं पाणी सरकारचं हाय.”

खायला फुटाणे, गूळ आणि हातगाडीवरची केळी. माझा नवरा त्यांना मामा म्हणायचा. त्याने आपल्या परीने समजावून पाहिलं. “मामा, ज्वारी रेशनची, पाणी कॉर्पोरेशनचं, रॉकेलही रेशनचं. यात तुमच्या लेकीचं काय आहे? फक्त कटकट. तेवढी बाजूला काढा आणि जेवा.” अण्णा खळखळून हसले आणि फुटाणे खाऊ लागले.

मला हसू आलं नाही. माझा बाप माझ्या दारात बसून फुटाण्यांवर दिवस काढतोय आणि माझ्या चुलीवर भात शिजतोय, याने माझं डोकं फिरायचं. मी भांडले. त्यांना म्हटलं, तुम्ही मला दान केलं की हाकलून दिलं? ते शांतपणे म्हणाले, “तुला न्हाई कळायचं. उद्या गावात कळलं तर तुझ्या भावाला त्वांड ऱ्हाणार न्हाई. पोरगा जित्ता असून बाप लेकीच्या ताटात, आसं म्हंत्याल.” आणि गावात कळणारच होतं, कारण आमचं गाव रोज पहाटे कांद्याच्या गोण्यांबरोबर मार्केट यार्डात उतरत होतं. ट्रकमधून कांदा यायचा, ट्रकमधून चौकशा यायच्या, आणि परत जाताना बातम्या जायच्या. पुण्यात येऊन आम्ही गाव सोडलं, असं आम्हाला आपलं वाटत होतं.

आमचं भांडण भिंतीपलीकडे ऐकू जाणं काही अवघड नव्हतं. त्या रांगेत लोकांची पोटं बिघडलेलीसुद्धा शेजाऱ्यांना आधी कळायची. खाला मागच्या दाराने आली, अण्णांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, “भाऊ, लेकीकडचं चालत नाही ना? मग माझ्याकडचं चालेल का?”

मी मनात म्हटलं, झालं. हा माणूस लेकीच्या हंड्यातलं पाणी पीत नाही, तो मुसलमानाच्या घरी काय जेवणार! पण अण्णांनी क्षणभरही विचार केला नाही. “न चालायला काय झालं? आमी पिराच्या उरसाला मलिदा खातो. तुमी काय माझी लेक न्हाई.”

खाला मग माझ्या स्वयंपाकघरात आली आणि आवाज खाली आणून म्हणाली, “अगं बेटी, बोलून तर बसले. पण मला भाकरी कुठे येते? माझी भाकरी तव्यावर पडायच्या आधी चिरते. तू कर, मी वाढते.”

असं ते सुरू झालं. दुपारी मी भाकऱ्या थापायच्या, आमटी करायची, आणि भिंतीवरून पलीकडे द्यायची. खाला ते सगळं तिच्या ताटात काढायची. ताटाच्या काठावर तिच्या नवऱ्याचं नाव कोरलेलं होतं. ताट तिचं, ओसरी तिची, म्हणजे जेवणही तिचं. अण्णा पुढच्या दाराने निघून, गल्लीतून वळून तिच्या ओसरीवर जाऊन बसायचे. माझी भाकरी भिंतीवरून सरळ जायची आणि माझा बाप वळसा घालून तिच्यामागे जायचा. मी भिंतीच्या अलीकडे पिठाच्या हातांनी उभी राहून ऐकायची.

“आक्का, भाकरी लई झ्याक झालीया.”

“हाताला सवय आहे, भाऊ,” खाला म्हणायची. तिच्या आवाजात काडीचाही फरक पडत नसे.

तिच्यावर माझं प्रेम होतं, पण त्या क्षणी मला तिची वेणी ओढावीशी वाटायची. पुढे पुढे तर ती माझ्याकडे तक्रारी घेऊन येऊ लागली. “आज तुझ्या बापाने माझ्या आमटीला नाव ठेवलं. मीठ कमी म्हणे. उद्या जरा माझी अब्रू राख.” मी दुसऱ्या दिवशी मीठ वाढवायची, अण्णा खालाचं कौतुक करायचे आणि खाला ते सोज्ज्वळ चेहऱ्याने ठेवून घ्यायची.

भाऊ सुट्टीच्या दिवशी यायचा. ओट्यावर बसून आधी चौफेर बघायचा आणि मग हळूच विचारायचा, “अण्णा जेवतो कुठं?”

“खालाकडे.”

“मंग बरं हाय. लेकीकडं न्हाय ना.”

माझा तोल गेला. मी त्याला विचारलं, शेजारणीकडे जेवल्यावर राहते आणि लेकीकडे जेवल्यावर जाते, ही तुमची अब्रू आहे तरी कसली? भाऊ वाईट नव्हता. तो पाठीवर पोती वाहून आलेला, बापाला आपल्याकडे ठेवता येत नाही म्हणून आतून जळणारा माणूस होता. तो खाली बघून म्हणाला, “मला नगं इचारू. यार्डात रोज मला इचारत्यात.” तेव्हा मला त्याचीही दया आली, आणि मी त्याला जेवायला वाढलं. त्याला माझ्याकडे चालत होतं.

अण्णा कधी कधी त्याच्याबरोबर यार्डात जात. कांद्याच्या गोणीवर बसून गावकऱ्यांशी गप्पा मारत आणि कुणी विचारलंच तर छाती पुढे काढून सांगत, “लेकीच्या घरचा घास न्हाई खाल्ला अजून.” ते कधी खोटं बोलत नसत, याचा त्यांना अभिमान होता.

असा बराच काळ गेला. अण्णांच्या अंगावर मांस आलं. मुली मोठ्या झाल्या. मग एका सकाळी खाला ओल्या परसात घसरून पडली आणि मांडीचं हाड मोडलं. इस्पितळातून परत आली ती खाटेवरच. मुलगा आणि सून दोघंही नोकरीवर. मुलगा माझ्याकडे येऊन म्हणाला, “अम्मीला सोलापूरला मावशीकडे पाठवावं म्हणतोय.” तो बिचारा कोंडीत सापडला होता. मी म्हटलं, “सोलापूरला कशाला? भिंतीच्या अलीकडे पाठव.” तिची खाट आमच्या पुढच्या खोलीत आली. दिवसभर ती माझ्याकडे, संध्याकाळी मुलगा आणि सून परत आली की दोघं तिला उचलून घरी नेत. तिला माझ्या हातचं खायला कसलीच अडचण नव्हती. ती म्हणायची, “माझं नशीब बघ. इतके दिवस माझ्या नावाने दुसराच जेवत होता.”

खालाची सोय झाली आणि अण्णांची मोडली. तिच्या ओसरीला दिवसा कुलूप. अण्णांनी पुन्हा फुटाण्यांची पुडी आणली. आणि एका सकाळी ते घोंगडी गुंडाळताना दिसले. “गावाकडं जातो. आता हितं काय काम हाय माझं?”

“आणि दुसरा डोळा? तो पिकत आलाय म्हणाले ना डॉक्टर?”

“एक डोळा हाय की.”

एका डोळ्याचा, सत्तरीकडे झुकलेला माणूस परत त्या चुलीपाशी जाणार होता. मी त्यांना दिवाळीपर्यंत थांबा म्हणून हातापाया पडून थांबवलं. दिवाळी दोन-तीन दिवसांवर होती. त्यानंतर मी काय करणार होते, ते मला माहीत नव्हतं.

भाऊबिजेला माझा भाऊ सकाळीच येऊन ओवाळून घेऊन, जेवून यार्डात गेला. अण्णा ओट्यावर पुडी सोडून बसले होते. मुलासुनेला सुट्टी असूनही खाला त्या दिवशी हट्टाने आमच्याकडेच आली होती. खोलीतून तिचा आवाज आला, “बेटी, पाट मांड. रांगोळी काढ थोडी.”

“कुणासाठी?”

“माझा भाऊ आलाय.”

मी पाट मांडला. खालाने अण्णांना हाक मारली. ते दारात येऊन उभे राहिले. ती म्हणाली, “भाऊ, मला ओवाळता येत नाही, आमच्यात ते नाही. पण आज भाऊ बहिणीकडे जेवतो, हे मी पुण्यात जन्मल्यापासून बघते. तुम्ही मला आक्का म्हणता. बसा.”

“आक्का, घर पोरीचं हाय.”

“असेल. बहीण कुठे आहे?”

अण्णांनी हनुवटीने खाटेकडे खूण केली.

“बहीण जिथे पडलीय तिथे भावाने यायचं, की बहिणीने मोडकी मांडी घेऊन भिंतीवरून उडी मारायची? तुमच्या गावात काय पद्धत आहे?”

अण्णा पाटाकडे बघत राहिले. मी दारामागे पदराचं टोक हातात घट्ट धरून उभी होते. मग त्यांनी टोपी काढून बाजूला ठेवली आणि बसले. खाला म्हणाली, “ताट माझं आण. काल सुनेकडून मागवून ठेवलंय.” मी नाव कोरलेल्या त्या ताटात वाढलं. माझ्या घरात, माझ्या हातून, माझ्या बापाने पहिला घास घेतला. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी ते पुसलंही नाही. अण्णा खालाकडे बघून म्हणाले, “आक्का, बासुंदी लई ग्वाड झाली.” हा माणूस तरीही मागे हटायला तयार नव्हता.

खाला खाटेवर होती तोवर रोज तसंच चाललं. जिथे बहीण तिथे भाऊ. दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं. यार्डात अण्णा सांगत, “बहिणीकडं जेवतो.” तेही खोटं नव्हतं.

उन्हाळ्यापर्यंत खाला काठी घेऊन चालू लागली. त्याच सुमारास तिच्या मुलाने कोंढव्याला फ्लॅट घेतला. सुनेची बदलीही त्या बाजूच्या शाळेत झाली होती. टेम्पो आला. कुंड्या, खाट, भांडी, नाव कोरलेलं ताट, सगळं चढलं. जायच्या आधी खाला ओट्यावर अण्णांशेजारी टेकली. मी पाणी घेऊन बाहेर आले तेव्हा ती म्हणत होती, “भाऊ, जाताना मनावर ओझं नको. इतकी वर्षं तुम्ही माझी भाकरी म्हणून खाल्ली. मला भाकरी येत नाही.”

“ठावं हाय,” अण्णा म्हणाले.

“कधीपासून?”

“पयल्या घासाला. तिच्या आईची भाकरी हाय ती. मी काय वळखणार न्हाई?”

दोघंही मग समोरच्या टेम्पोकडे बघत बसली. मी पाण्याचा तांब्या तिथेच ठेवला आणि आत गेले. मी चुलीपाशी बसून आधी रडले आणि मग रागावले. खालाने मला फसवलं नव्हतं. मी आणि ती मिळून अण्णांना फसवतोय असं मला वाटत होतं, आणि अण्णा आम्हा दोघींना सोयीने फसू देत होते. सगळ्यांना सगळं माहीत होतं आणि माझी भाकरी तेवढी भिंतीवरून चोरासारखी जात होती.

दुसऱ्या दिवशी मी भाकऱ्या केल्या, वांग्याचं भरीत केलं, आमटी केली. अण्णा मागच्या दारात सावलीला बसले होते. हातात पुडी नव्हती, पण त्यांनी काही मागितलंही नव्हतं. आता विनवणी करायची नाही, असं मी ठरवलं होतं. मी माझं स्वतःचं ताट घेतलं, त्यात सगळं नीट वाढलं, परसात गेले आणि ते ताट भिंतीवर ठेवलं. पलीकडे कुलूप लागलेलं घर आणि मोकळी ओसरी. मी तशीच वळून मोठ्याने म्हटलं, “आक्का, वाढलंय हो तुमच्या भावाला!”

पलीकडून कोण बोलणार? भिंतीवर एक कावळा येऊन बसला आणि ताटाकडे सरकू लागला. मी हलले नाही. अण्णांनी चष्म्यातून माझ्याकडे पाहिलं, मग कावळ्याकडे, मग ताटाकडे.

“हाड!” ते कावळ्यावर ओरडले. मग मला म्हणाले, “तिथं कुनाला वाढतीस? आन हिकडं.”

मी ताट आणून त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी तांब्या उचलला. तो रिकामा होता. त्यांनी तो माझ्यापुढे केला. मी माझ्या हंड्यातून भरून दिला, ते घटाघट प्यायले. भाकरी मोडली, आमटीत बुडवली, सावकाश चावली. मी समोरच बसून राहिले.

“मीठ कमी हाय,” ते मला म्हणाले.

मी उठले आणि मीठ आणून वाढलं.